'डू नॉट डिस्टर्ब' : तीन महिने वापरल्यानंतर

जेवताना फोन पालथा ठेवला तरी टेबलावरची त्याची घरघर समोरच्याचे बोलणे तोडतेच. एकदा आई काही सांगत असताना माझा हात नकळत फोनकडे गेला आणि ती वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प बसली, तेव्हापासून मी फोनचा आवाज आणि घरघर बंद ठेवणारी 'डू नॉट डिस्टर्ब' ही सुविधा मनापासून वापरू लागलो.

आयफोनवर ती २०१२ पासून आहे, अँड्रॉइडवरही आता सर्रास मिळते. ठरावीक वेळी ती आपोआप सुरू होते आणि निवडक माणसांचेच फोन वाजू देते. मला सर्वांत मोलाची वाटली ती पुन्हा फोन करणाऱ्यांसाठीची सवलत: त्याच व्यक्तीने अँड्रॉइडवर १५ मिनिटांत, तर आयफोनवर ३ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केल्यास तो वाजू देता येतो, त्यामुळे घरात कोणाला खरोखरच गरज पडली तर आपल्याला कळणार नाही, ही धास्ती राहत नाही. गजरही सहसा वाजतोच.

उणीव मात्र मोठी आहे. सूचना थांबत नाहीत, फक्त मुक्याने साचतात, आणि तासाभराने पडदा उघडला की चाळीसेक निरोपांचा तो ढीग पाहून जी दमछाक होते, तिच्यावर या सुविधेत काहीच इलाज नाही. शिवाय साधा कॉल करणाऱ्या समोरच्याला आपण का उचलत नाही हे कळत नसल्याने गैरसमज होतात. म्हणून जवळच्यांना आपल्या वेळा आधीच सांगून ठेवाव्या लागतात. मी रात्री ८ ते १० ही वेळ लावली आहे आणि ती बदलणार नाही.