खोली नवी, पाइप जुने: मुंबईतल्या समुद्रकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या तीन रात्री

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर चाळीसेक वर्षं उभं असलेलं हे हॉटेल एका बड्या साखळीचं आहे. जुलै महिना, तीन रात्री, सहावा मजला, समुद्राकडची खोली, न्याहारीसह रात्रीचं भाडं ९,५०० रुपये आणि वर कर. मत आधीच सांगते: माणसं पहिल्या दर्जाची, न्याहारी उत्तम, गादी-चादरींत खोट काढायला जागा नाही. इमारत मात्र थकलेली आहे आणि पावसाळ्यात ते लपत नाही. खोली बघून-सांगून घेतली तर पैसे वसूल होतात, समोर येईल ती घेतली तर होत नाहीत. म्हणून इथे सगळ्यात जास्त खोलीबद्दलच लिहिलं आहे.

अशा हॉटेलांचं नूतनीकरण दोन तऱ्हांचं असतं. कार्पेट, पडदे, वॉलपेपर, दिवे, पलंगामागची पाठ हे साधारण पाच-सात वर्षांनी बदलतात आणि त्याला मजला फार दिवस बंद ठेवावा लागत नाही. दुसरं काम भिंतीच्या आतलं: पाणी आणि सांडपाण्याचे पाइप, वायरिंग, खोलीतली एसीची यंत्रं, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. त्यासाठी भिंती फोडाव्या लागतात, मजलेच्या मजले महिनोन्‌महिने रिकामे ठेवावे लागतात. बहुतेक साखळ्या इमारतीच्या मालक नसतात. पाटी आणि कारभार त्यांचा, मोठ्या दुरुस्तीचा खर्च मालकाचा. त्यामुळे दुसरं काम पुढे ढकलणं सोपं जातं. इथे पहिलं काम झालंय आणि दुसरं राहिलंय, हे खोलीत पाऊल टाकल्यावर दहा मिनिटांत कळतं. वेबसाइटवरचे फोटो खरे आहेत, पण फोटोत ओल दिसत नाही.

चेक-इन दुपारी ३ वाजता. ओळखपत्र मूळ प्रतीत लागतं; आधार देणार असाल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार पुढे करा. अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डावर पैसे खात्यातून प्रत्यक्ष कापले जातात आणि परत यायला कित्येक दिवस लागू शकतात. काउंटरवरच्या मुलीने खोली आधी बघायची विनंती लगेच मान्य केली आणि दोन किल्ल्या दिल्या. ही सोय मागितली तरच मिळते, म्हणून मागा.

आता एसी. दारातून आत आल्यावरच्या बोळात डोक्यावर फॉल्स सीलिंग असतं, त्यात एसीचं यंत्र लपवलेलं. इमारतीच्या चिलरमधून, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मोठ्या यंत्रातून, साधारण ७ अंशांचं गार पाणी त्या यंत्राच्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, येतं आणि पंखा खोलीतली हवा कॉइलवरून फिरवतो. हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन जमते, खालच्या ट्रेमध्ये ठिबकते आणि अंगठ्याएवढ्या नळीतून पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीकडे निघून जाते. पावसाळ्यात हे पाणी खूप निघतं. नळीत बुळबुळीत गाळ साचला की ट्रे भरून वाहतो आणि पाणी फॉल्स सीलिंगवर उतरतं. खोली बघताना सगळ्यात आधी वर बघा. दुरुस्तीच्या झाकणाभोवती चहाच्या रंगाचा डाग असेल तर ती खोली घेऊ नका. डागावर नुकताच रंग मारलेला असेल तर हात लावून पाहा. आत ओल असली की तिथला पृष्ठभाग गार आणि किंचित फुगलेला लागतो.

या खोलीत डाग नव्हता, तरी दुसऱ्या रात्री ठिबकायला लागलं. पावणेदहाला फोन केला, अकराव्या मिनिटाला मेंटेनन्सचा माणूस दारात. त्याने आधी कार्पेटवर दोन जुने टॉवेल अंथरले, त्यावर शिडी, मग झाकण उघडलं. ट्रे काठोकाठ भरलेला. जाड वायरचं टोक वाकवून त्याने नळीतून बोटभर लांबीचा, जेलीसारखा राखाडी गोळा ओढून काढला. एवढ्यावर तो थांबला नाही. मगभर पाणी ट्रेमध्ये ओतून ते किती वेळात ओसरतं हे टॉर्च धरून पाहिलं, दुसरा मग ओतला, पुन्हा पाहिलं आणि मगच झाकण बसवलं. काम शिकलेला आणि कामाची लाज राखणारा माणूस कसा असतो हे त्या दुसऱ्या मगात दिसलं. अशा माणसांच्या जोरावर हे हॉटेल अजून पंचतारांकित वाटतं.

ठिबकणं थांबलं, पण दमटपणाचं कारण वेगळं होतं. थर्मोस्टॅटवर २४, खोलीतल्या मापकावर २६ अंश आणि आर्द्रता ७१ टक्के. दोष बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या दारात. खाऱ्या हवेने खालची चाकं गंजलेली, रबराची पट्टी कडक होऊन आक्रसलेली, आणि दार बंद केल्यावरही खाली करंगळी जाईल एवढी फट. बाथरूमचा एक्झॉस्ट खोलीतली हवा सतत बाहेर ओढतो, तेवढीच बाहेरची ओली हवा त्या फटीतून आत येते. मग पाहुणा थर्मोस्टॅट १८ वर आणतो. त्याने खोली लवकर गार होत नाही आणि दमटपणाचं मूळही हटत नाही. इथे उपाय असा: दार हँडलला धरून किंचित वर उचलत शेवटपर्यंत सरकवा, कडी लावा, आंघोळीचा एक टॉवेल पिळा घालून खालच्या रुळात घट्ट बसवा, पंखा मध्यम वेगावर आणि तापमान २४ वर ठेवा. दोन तासांत आर्द्रता ५८ वर आली आणि कार्पेटचा कुबट वासही बराच उतरला. समुद्राकडच्या खोलीला शहराकडच्या खोलीपेक्षा रात्री १,८०० रुपये जास्त घेतात. पावसाळ्यात समुद्र दिसतो तो काचेवरच्या मिठाच्या थरातून, वरून ही फट. जून ते सप्टेंबरात शहराकडचीच खोली घ्या.

बाथरूम हा दुसरा कच्चा भाग. पहाटे पावणेसहाला गरम पाणी यायला ३ मिनिटं ४० सेकंद लागली. शॉवर मिनिटाला साधारण ९ लिटर सोडत होता, म्हणजे तेहेतीसेक लिटर पाणी नुसतं वाहून गेलं. मोठ्या इमारतीत गरम पाणी पाइपांत सतत फिरतं ठेवतात, म्हणजे नळ उघडताच ते मिळतं. परतीच्या पाइपचे व्हॉल्व जुने होऊन अडकले की पाणी जवळच्या वाटेनेच फिरून परततं आणि टोकाच्या खोल्यांच्या पाइपात ते निवत पडतं. साडेसातला सगळा मजला नळ उघडतो तेव्हा पाणी मिनिटभरात गरम येतं, पण मग दुसरा त्रास. शेजारी कुणी फ्लश ओढला की थंड पाण्याचा दाब पडतो आणि शॉवर एकदम चटका देतो. इथला मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणारा नळ, जुन्या पद्धतीचा, दाब सांभाळणारा नाही. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर बादलीत पाणी घेऊन हाताने पाहूनच आंघोळ घाला. हाऊसकीपिंगकडे बादली-मग मागितले की पाच मिनिटांत येतात.

शॉवर टबातच आहे आणि टबाची कड जमिनीपासून ५५ सेंटीमीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती ओलांडणं धोक्याचं आहे, आणि धरायला दांडा फक्त एका बाजूला. टबाच्या काठाचं सिलिकॉन काळं पडलंय. ती बुरशी आहे, घासून जात नाही, सिलिकॉन खरवडून नवं भरावं लागतं. शॉवरच्या निम्म्या छिद्रांत पांढरे क्षार. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, त्याने एवढे क्षार साचत नाहीत, तेव्हा टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असावेत. पिण्यासाठी सीलबंद बाटल्याच वापरा. रोज दोन फुकट मिळतात आणि मागितल्यावर आणखी दोन दिल्या.

बाथरूममध्ये गटाराचा वास आला तर खोली बदलायची घाई नको. जमिनीवरच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं, तेच वास अडवतं. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की ते आटतं. जाळीत अर्धी बादली पाणी ओता, दहा मिनिटं थांबा. वास गेला तर खोली चांगली. नाही गेला तर दोष पाइपांत असू शकतो, तेव्हा मात्र बदलून घ्या. एक्झॉस्ट चालतो का हे बघायला टिश्यू पेपरचा तुकडा त्याच्या जाळीला लावा. चिकटून राहिला पाहिजे. बराच काळ बंद असलेल्या खोलीत आंघोळीआधी दोन-तीन मिनिटं दोन्ही नळ सोडून ठेवणंही बरं, साचलेलं पाणी निघून जातं.

झोपेचं गणित भिंतींपेक्षा दारांवर ठरतं. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेल्या खोल्यांत पलीकडचा टीव्ही शब्दन्‌शब्द ऐकू येतो. मजल्यावरच्या सर्व्हिस पँट्रीजवळच्या खोल्यांत सकाळी सहापासून ट्रॉल्यांची खडखड. हिरवळीवर लग्न असेल तर ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद करावा लागतो आणि तो झालाही, पण खुर्च्या-भांडी आवरण्याचा आवाज साडेबारापर्यंत चालला. लिफ्ट चार, त्यांतली एक दुरुस्तीला. साडेआठ-नऊच्या न्याहारीच्या गर्दीत सहाव्या मजल्यावर पाच मिनिटं उभं राहावं लागतं.

पलंगाच्या एकाच बाजूला प्लग आहे. यूएसबीचं भोक जुनं, त्यावर हल्लीचा फोन चार्ज व्हायला रात्र लागते. स्वतःचा चार्जर प्लगला लावा. झोपेत श्वासाचं यंत्र वापरणाऱ्यांनी एक्स्टेंशन बोर्ड आधीच मागून ठेवावा. मिनीबारचा फ्रिज आवाज न करणारा, कॉम्प्रेसर नसलेल्या जातीचा आहे आणि त्यातलं तापमान ११ अंशांच्या खाली गेलं नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, तेव्हा ते इथे ठेवू नका. रिसेप्शनवर नाव लिहून दिलं की वैद्यकीय वस्तूंच्या वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवतात.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेण्यासारखी नाही. सहाव्या मजल्यावरच्या सर्व्हिस जिन्याचं अग्निरोधक दार दोन सकाळी चादरींच्या ट्रॉलीने उघडं अडवून ठेवलेलं होतं. हे दार बंद असलं तरच धूर जिन्यात शिरत नाही. मॅनेजरला सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी ट्रॉली हलली, पण हे पाहुण्याने सांगावं लागू नये. खोलीत गेल्यावर दारामागचा नकाशा बघून आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ती मोजून ठेवा. धुरात नकाशा दिसत नाही, हाताने दारं मोजत जाता येतं.

न्याहारी साडेसहा ते साडेदहा. काउंटरवर समोर करून देतात ते सगळं घ्या: डोसा कुरकुरीत, थालीपीठ खमंग आणि लोण्याच्या गोळ्यासह, मिसळीचा कट वेगळ्या भांड्यात, म्हणजे शेव मऊ पडत नाही. झाकणाच्या तापत्या भांड्यातले कांदेपोहे नऊनंतर कोरडे होतात. ताजे मागितले तर सात-आठ मिनिटांत, वर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड ठेवून आणतात. यंत्रातली कॉफी सोडा, फिल्टर कॉफी सांगा.

बिल नीट वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. म्हणजे भाड्यात शंभराचा फरक, खिशाला १,०९३ चा. न्याहारी धरलेल्या भाड्याने ही रेषा ओलांडली जात असेल तर नुसत्या खोलीचा दरही विचारून दोन्हींची बेरीज करून बघा. इथे ९,५०० वर १,७१० कर लागून रात्रीचे ११,२१० झाले. रेस्टॉरंटच्या बिलात सेवाशुल्क आपोआप जोडलेलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांनुसार ते ऐच्छिक आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. काढायला सांगितल्यावर वाद न घालता काढलं. कुठे काढत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सेवाशुल्काचे वाचलेले पैसे हाऊसकीपिंगच्या आणि मेंटेनन्सच्या माणसांच्या हातात थेट द्यावेत, असं आमचं आग्रहाने सांगणं आहे.

बुकिंग झाल्यावर, पोचायच्या दोन दिवस आधी हॉटेलला ईमेल करा, फोन नको. लिहिलेली विनंती खोली वाटणाऱ्या माणसापर्यंत जाते. त्यात एवढंच लिहा: शहराकडची खोली, मधलं दार नसलेली, लिफ्ट आणि पँट्रीपासून लांब, टबाऐवजी सपाट शॉवर असलेली. अशा खोल्या इथे आठव्या मजल्यावर आहेत, थोड्याच आहेत, आणि भाडं तेच आहे.