फुलपाखरांचा घडीचा पिंजरा: जाळी उत्तम, सोबतचा तक्ता चुकीचा

कोल्हापुरात शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानात मिळणारा ४० × ४० × ६० सेंटिमीटरचा हा जाळीचा पिंजरा कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू वाढवायला अगदी योग्य आहे. कढीपत्त्याची आठ इंची कुंडी आत उभी राहते, हा मोठा फायदा. बाटलीतल्या तोडलेल्या फांद्या लवकर कोमेजतात आणि लहान अळ्या बाटलीच्या तोंडातून पाण्यात पडून मरतात. कपिलतीर्थ असो की लक्ष्मीपुरी, मंडईतली कढीपत्त्याची जुडी घालू नका. पानांवर कीटकनाशक राहिलेलं असलं तर अळ्या जगत नाहीत.

एका पिंजऱ्यात पाच-सहाच अळ्या ठेवा. सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी चौथ्यांदा कात टाकली की हिरवी होते आणि मग अशी खात सुटते की रोप बोडकं पडतं. दुसरी कुंडी तयार हवीच. तळाला वर्तमानपत्र घालून ते रोज बदला, नाहीतर आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशी धरते. चेनच्या कोपऱ्यात फट राहते, तिथून परजीवी माश्या शिरतात; कापसाचा बोळा लावा. कमरेला धागा बांधून जाळीला चिकटलेला कोष उपटू नका.

पिंजऱ्यासोबत मिळणाऱ्या फुलपाखरांच्या तक्त्याबद्दल मात्र तक्रार आहे. कॉमन मॉरमॉनच्या मादीची तीन रूपं त्यात तीन जाती म्हणून छापली आहेत. सायरस नरासारखी दिसते, स्टिशियस कॉमन रोज या विषारी फुलपाखराची नक्कल करते, रोम्युलस क्रिमसन रोज या दुसऱ्या विषारी फुलपाखराची. तिन्ही एकाच जातीच्या: कुळ पॅपिलिओनिडी, प्रजाती पॅपिलिओ, जाती पॉलिटीस. एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या लेकी निघू शकतात, म्हणजे हा पिंजराच तक्त्याला खोटं पाडेल! रूपांचा हा फरक डबलसेक्स या एकाच जनुकावर ठरतो, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं. इतकी सुंदर गोष्ट तक्त्यात नसावी, याचं वाईट वाटतं.

ओळखायला अंग बघा. विषारी रोजचं अंग लाल असतं, नक्कल करणाऱ्या मॉरमॉनचं काळं. अळीचं खाद्यही वेगळं: रोजला ईश्वरीचा वेल लागतो, मॉरमॉनला लिंबू-कढीपत्ता.

पिंजरा जरूर घ्या. तक्ता मुलांना देण्याआधी त्या तिन्ही चित्रांखाली पेनानं एकच नाव लिहा: पॅपिलिओ पॉलिटीस, मादी.