पेठेतला चिंचोळा प्लॉट: आर्किटेक्ट की ठेकेदाराचा तयार नकाशा?

पुण्याच्या पेठेत जुनं घर उतरवलं की हाती उरते ती पट्टी. आमची १५ फूट रुंद, ६० फूट खोल. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. ठेकेदाराचा तयार नकाशा स्वस्त पडतो, काम लगेच सुरू होतं. मोकळ्या प्लॉटवर तो चालूनही जाईल. इथे मात्र मधल्या खोल्यांना खिडकीच मिळत नव्हती.

आर्किटेक्टची फी वेगळी, वेळही जास्त. तरी मी तोच मार्ग धरला. आर्किटेक्ट बाई दोन दिवस ऊन कुठे पडतं ते बघत राहिल्या, मग वाड्यासारखा चौक मधोमध काढला. आईच्या ओट्यावर आता सकाळी दहाला उजेड येतो. शेजारची भिंत खचू नये म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून पाया टप्प्याटप्प्यानं खणायला लावला, तोही त्यांनीच.