जुन्या जिप्सीत दुसरी बॅटरी: १४० अँपिअरचा व्होल्टेज रिले कसा आहे?

भंडारदऱ्याला दोन मुक्काम करायचे आणि सकाळी गाडी धक्का न मारता चालू व्हायला हवी, तर फ्रिज मूळ बॅटरीवर लावूच नका. फ्रिज दुसऱ्या बॅटरीवर लावा; व्होल्टेज बघून ती मूळ बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच म्हणजे हा रिले, स्वस्त आणि मस्त. इंजिन चालू होऊन चार्जिंग १३.३ व्होल्टला पोचलं की 'टक्' करून दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजिन बंद होऊन १२.८ ला उतरलं की तोडतो.

खरी गोची वायरिंगमध्ये होते. बॅटरी ते बॅटरी १६ चौरस मिमी तांब्याची वायर घ्या आणि दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात, ६० अँपिअरचा फ्यूज लावा. एकाच टोकाला लावला तर दुसऱ्या बाजूची वायर घासून बॉडीला टेकली की जाळच. अर्थिंगसाठी चॅसीचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, बोल्ट आवळल्यावर वर ग्रीस.

फ्रिजपर्यंत २.५ चौरस मिमीपेक्षा बारीक वायर नको. कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं, फ्रिज बंद होतो आणि बिचाऱ्या बॅटरीवर आळ येतो.

४५ वॅटचा फ्रिज अर्धा वेळ चालला तरी दिवसाला साधारण ४५ अँपिअर-तास खातो. म्हणजे १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी एक दिवसाचीच, कारण निम्म्याखाली उतरवली की ती लवकर मरते. दुसऱ्या दिवशी तासन्‌तास ड्रायव्हिंग किंवा सोलर हवंच. मागे केबिनमध्ये ठेवायची तर सीलबंदच घ्या.

लिथियम बॅटरी असेल तर मात्र हा रिले घेऊ नका. तिचं व्होल्टेज इंजिन बंद केल्यावरही १३ च्या वर राहतं, रिले सुटतच नाही. तिथे डीसी-डीसी चार्जरच (गाडीचं व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवं तसं करून देणारा) लागतो.