सॅकरोमायसीस जीनोम डेटाबेस: ‘रॅड२७’ या जनुकाच्या पानावरून केलेले परीक्षण

पदव्युत्तर वर्गाला डीएनएची प्रतिकृती आणि दुरुस्ती शिकवताना मी सॅकरोमायसीस म्हणजे बेकरीच्या यीस्टच्या जनुकांची माहिती देणारा सॅकरोमायसीस जीनोम डेटाबेस ही अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाची विनामूल्य सेवा अनेक वर्षे वापरत आलो आहे. यीस्टचा संपूर्ण जनुकीय क्रम १९९६ साली जाहीर झाला आणि त्यातील सुमारे ६,००० जनुकांपैकी प्रत्येकाचे स्वतंत्र पान येथे आहे. एवढ्या विस्ताराविषयी मोघम लिहिण्यापेक्षा मी ‘रॅड२७’ हे एकच पान परीक्षणासाठी निवडले आहे.

प्रतिकृतीच्या वेळी डीएनएचा एक धागा सलग तयार होतो, तर दुसरा ओकाझाकी तुकडे म्हटल्या जाणाऱ्या लहान लहान तुकड्यांच्या रूपाने. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या छोट्या प्रायमरने, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्याने, होते. मागून येणारे पॉलिमरेज हे डीएनए तयार करणारे विकर पुढच्या तुकड्याचे हे टोक उचलून धरते, रॅड२७चे प्रथिन ते लोंबते टोक कापते आणि मग लायगेज हे विकर सांधा जुळवते. ३८२ अमिनो आम्लांचे हे प्रथिन डीएनएतील खराब झालेले बेस (त्याची ‘अक्षरे’) काढून टाकण्याच्या दुरुस्तीतही लागते.

शोधताना पहिली अडचण नावाची येते. याच जनुकाच्या मानवी रूपाला ‘फेन१’ म्हणतात, त्यामुळे विद्यार्थी साहजिकच ते नाव टाकतात; परंतु यीस्टमध्ये ‘फेन१’ हे मेदाम्लांची साखळी लांबवणाऱ्या ‘एलो२’ या अगदी वेगळ्या जनुकाचेही जुने नाव आहे. म्हणून वायकेएल११३सी हे पद्धतशीर नाव पाठ करून घेणे बरे. त्यातील ‘वाय’ म्हणजे यीस्ट, ‘के’ म्हणजे अकरावे गुणसूत्र, ‘एल’ म्हणजे त्याची डावी भुजा, ११३ हा सेंट्रोमिअरपासून, म्हणजे गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे जुळतात त्या बिंदूपासून, मोजलेला क्रमांक आणि ‘सी’ म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी क्रिक नावाचा धागा. पर्यायी नावे पानाच्या वरच्या भागातच दिलेली असतात आणि ती आधी वाचण्याची सवय मी वर्गाला आवर्जून लावतो.

या सेवेचे खरे मोल मला फिनोटाइपच्या, म्हणजे जनुकातील बदलाने पेशीत दिसणाऱ्या परिणामांच्या, विभागात दिसते. रॅड२७ काढून टाकलेली पेशी मरत नाही, पण ३७ अंश सेल्सिअसला तिची वाढ थांबते, मिथिल मिथेनसल्फोनेट हे डीएनएला इजा करणारे रसायन तिला सोसत नाही आणि तिच्यातील उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढते. अशा प्रत्येक नोंदीसमोर मूळ शोधनिबंध आणि यीस्टचा वाण दिलेला असतो. एका जनुकावर काम करून मिळालेला निष्कर्ष आणि हजारो जनुकांच्या सरसकट चाचणीतून आलेला निष्कर्ष हे वेगळे ओळखता येतात. कोणते विधान प्रत्यक्ष प्रयोगातून आले आणि कोणते केवळ क्रमाच्या साम्यावरून मांडले, हे जीन ऑन्टॉलॉजीच्या, म्हणजे जनुकांच्या कार्याच्या प्रमाणित वर्णनांच्या, विभागातील पुरावा-संकेतांवरून कळते. पाठ्यपुस्तकात सगळी विधाने एकाच ठामपणे छापलेली असतात, तिथे हा फरक कधीच दिसत नाही.

जनुकांच्या परस्परसंबंधांच्या यादीविषयी मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. ती फार लांब आहे आणि तिच्यात सर्व ओळी सारख्याच महत्त्वाच्या भासतात. रॅड२७ आणि रॅड५२ ही दोन्ही जनुके एकाच वेळी नसतील तर पेशी जगत नाही, ही या जनुकाच्या कथेतील सर्वांत बोलकी नोंद आहे, कारण न कापलेल्या टोकांमुळे होणारे नुकसान पेशी एरवी पुनःसंयोजनाने, म्हणजे डीएनएच्या दुसऱ्या सारख्या प्रतीचा आधार घेऊन, भरून काढते आणि त्या मार्गाचा कणा रॅड५२ आहे. यादीत ही ओळ इतर ओळींच्या गर्दीत निमूट बसलेली असते. तिचा अर्थ शिक्षकालाच उलगडून सांगावा लागतो. रॅड२७ नसताना सीएजीसारख्या त्रिक-पुनरावृत्ती (डीएनएतील तीन अक्षरांचा पुन्हा पुन्हा येणारा गट) लांबत जातात, आणि मानवात हंटिंग्टन रोग या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या मुळाशी अशीच लांबलेली पुनरावृत्ती असते, हा दुवाही नवख्या वाचकाला सहज गवसणार नाही.

संपूर्ण मजकूर इंग्रजीत आणि अतिशय संक्षिप्त असल्यामुळे बारावीच्या विद्यार्थ्याला तो जड जाईल. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना मी ही सेवा निःसंकोच सुचवतो. त्यांनी आधी फिनोटाइप वाचावा, त्यातील एखादी नोंद निवडून तिचा मूळ निबंध उघडावा, आणि परस्परसंबंधांकडे वळण्यापूर्वी रॅड५२चे पान शेजारी उघडून ठेवावे.