नाथसागरावर उघडा पडलेला फोन

मी पैठण तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि हिवाळ्यातील बहुतेक रविवार जायकवाडीच्या जलाशयाकाठी, म्हणजे नाथसागरावर, पक्षी पाहण्यात घालवतो. मोठा कॅमेरा आणि त्याच्या लांबलचक लेन्स घेण्याची ऐपतही नाही आणि त्या खांद्यावर वागवण्याची हौसही राहिलेली नाही. म्हणून चांगल्या झूमचा एक भारी फोन घ्यावा, असे २०२४च्या उन्हाळ्यापासून मनात होते. त्या फोनने माझे ८९ हजार रुपये कसे नेले, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्या ओळखीतील किमान तीन जण अगदी अशाच व्यवहाराच्या विचारात आहेत.

फोन निवडण्यात मी कसलीही हयगय केली नव्हती. जून ते ऑक्टोबर असे चार महिने मी एका वहीत तक्ते आखत होतो. गॅलेक्सी एस२४ अल्ट्राचा २०० मेगापिक्सेलचा आकडा डोळ्यांत भरणारा असला, तरी तो मुख्य कॅमेऱ्याचा आहे आणि नेहमीचा फोटो तो १६ पिक्सेलांचा एक करून १२ मेगापिक्सेलचाच देतो, हे मला ठाऊक होते. त्याच्या आधीच्या एस२३ अल्ट्रातील १० पट झूमची लेन्स काढून या फोनात ५० मेगापिक्सेलची ५ पट लेन्स बसवली आहे, हेही मी सहकाऱ्यांना ते विचारत नसताना सांगत असे. विवो एक्स१०० प्रोची ४.३ पट लेन्स किमतीच्या मानाने उत्तम वाटत होती. परंतु पुण्याला असलेल्या मुलाच्या फोनमधील चित्रफिती पाहिल्यापासून मन आयफोन १५ प्रो मॅक्सवर बसले होते. त्यातच सप्टेंबर २०२४मध्ये १६ प्रो आणि १६ प्रो मॅक्स आले. त्यांच्या अतिविस्तृत लेन्सला ४८ मेगापिक्सेल मिळाले आणि लहान मॉडेललाही ५ पट झूम मिळाला, पण दूरचे टिपणारी लेन्स १५ प्रो मॅक्सप्रमाणेच १२ मेगापिक्सेलची आणि १२० मिलिमीटरची राहिली. मला तर दूरचेच पक्षी टिपायचे होते. मग १ लाख ४४ हजार ९०० रुपये देऊन १६ प्रो मॅक्स घेण्यापेक्षा मागच्या वर्षीचा फोन स्वस्तात मिळाला तर तो घ्यावा, असा निष्कर्ष मी काढला. तो निष्कर्ष आजही मला चुकीचा वाटत नाही आणि या प्रकरणातील खरी बोच तीच आहे.

दसरा झाल्यावरच्या आठवड्यात एका सहकाऱ्याने छत्रपती संभाजीनगरातील एका दुकानाचे नाव सुचवले. तेथे काम करणारा मुलगा आमच्याच तालुक्यातला होता. त्याच्याकडे २५६ जीबीचा १५ प्रो मॅक्स ‘ओपन बॉक्स’ म्हणून आलेला होता. कोणीतरी हप्त्यांवर घेतला, पंधरा दिवसांत हप्ता झेपेना म्हणून परत केला, अकरा महिन्यांची वॉरंटी शिल्लक आहे, असे त्याचे सांगणे. बाजारात आला तेव्हा १ लाख ५९ हजार ९०० रुपयांना असलेला फोन ९८ हजारांत मिळत होता.

रविवारी, २० ऑक्टोबरला, मी दुकानात पोहोचलो तेव्हा त्या मुलाने फोनबद्दल जवळजवळ काहीच सांगितले नाही. तो म्हणाला, “सर, तुम्हाला तर सगळंच माहितीये, मी काय सांगणार?” आणि चहा मागवला. मग मीच त्याला टायटॅनियमची चौकट, ए१७ प्रो चिप आणि प्रकाशकिरण चार वेळा वळवून कमी जागेत लांब पल्ला साधणारी प्रिझमची रचना समजावून सांगत बसलो. तो मान डोलावत राहिला. गिऱ्हाईक स्वतःच माल विकत असताना दुकानदाराने मध्ये तोंड घालू नये, एवढे शहाणपण त्याच्यापाशी नक्कीच होते.

फोन तपासला नाही असेही नाही. बॅटरीची क्षमता १०० टक्के दिसली. *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बॉक्सवरच्या स्टिकरशी ताडून पाहिला, तो जुळला. तोच क्रमांक केवायएम या अक्षरांपुढे लिहून फोनची पडताळणी करणाऱ्या सरकारी सेवेच्या १४४२२ या क्रमांकाला संदेश पाठवला, तेव्हा कंपनी आणि मॉडेल बरोबर आले. अखेरीस समोरच्या भिंतीवर टांगलेल्या दुकानाच्याच दिनदर्शिकेवर ५ पट झूम लावून फोटो काढला. तो स्वच्छ आला आणि मी समाधानाने फोन खिशात घातला.

माझा जुना एस२० एफई ९ हजारांना वळता केला. राहिलेल्या ८९ हजारांपैकी २५ हजार यूपीआयने दिले आणि ६४ हजार रोख दिले. त्यातला मोठा भाग शिक्षकांच्या भिशीतून नुकताच उचललेला होता. “कार्ड घासलं तर दोन टक्के वर लागतील, सर,” असे तो म्हणाला आणि दोन टक्के वाचवल्याचा मलाच आनंद झाला. बिलाच्या जागी एका कोऱ्या पावतीपुस्तकातील कागद मिळाला. त्यावर फोनचे नाव, रक्कम आणि एक सही एवढेच होते. जीएसटी क्रमांक नव्हता, आयएमईआय नव्हता आणि दुकानाचे नावही नव्हते. पक्के बिल हप्ते फेडणाऱ्या मूळ मालकाच्या नावाचे असल्याने ते दिवाळीनंतर देतो, असे त्याने सांगितले. पंधरा दिवसांत काही वाटले तर फोन परत घेऊन या, हेही सांगितले.

ते पंधरा दिवस दिवाळीत गेले. पुढे निवडणुकीचे प्रशिक्षण लागले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची ड्युटी झाली. त्यामुळे नाथसागरावर जाण्यास २४ नोव्हेंबरचा रविवार उजाडला. सकाळचे ऊन चांगले पडले होते आणि चक्रवाकांची एक जोडी काठापासून साधारण साठ-सत्तर मीटरवर होती. मी ५ पट झूम लावला आणि पडद्यावरचे चित्र कापू लागले. हात कापतो आहे असे समजून फोन दगडावर टेकवला, तरी कंप थांबेना. फोन कानाशी नेल्यावर आतून बारीक गुणगुण ऐकू आली. काढलेल्या प्रत्येक फोटोत पक्ष्यांच्या कडा पुसट आणि दुहेरी होत्या. एक पट झूम लावला की मात्र सारे सुरळीत चाले.

दुकानात आलेला स्वच्छ फोटो मग कोठून आला, हा प्रश्न मला दिवसभर छळत होता. त्याचे उत्तर फोनमध्येच होते. कोणताही फोटो उघडून वर सरकवला की तो कोणत्या लेन्सने काढला आहे, ते दिसते. जलाशयावरच्या फोटोंखाली दूरची लेन्स आणि तिच्या छिद्राचा आकडा एफ २.८ असे होते, तर दिनदर्शिकेच्या फोटोखाली मुख्य कॅमेरा आणि एफ १.७८ असे होते. याचा अर्थ दुकानात ५ पटचे बटण दाबूनही दूरची लेन्स वापरलीच गेली नव्हती. उजेड कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली, की फोन आपण होऊन मुख्य कॅमेऱ्याच्या चित्रातला मधला तुकडा कापून मोठा करतो आणि तेच झूम म्हणून दाखवतो. यात काही लबाडी नसून ती बहुतेक महागड्या फोनांमधील रीत आहे. ट्यूबलाइटच्या अंधुक उजेडात समोरच्या भिंतीचा फोटो काढणाऱ्या माझ्यासारख्याची मात्र त्यामुळे फसगत होते. हे मी वहीत लिहूनही ठेवले होते, पण ते दुसऱ्याच मॉडेलच्या रकान्यात.

ज्यांना झूमसाठी जुना किंवा ‘ओपन बॉक्स’ फोन घ्यायचा आहे, त्यांनी तो दुकानाबाहेर भर उन्हात आणावा, शंभर-दोनशे फुटांवरच्या पाटीवर सर्वाधिक पल्ल्याची लेन्स लावावी आणि त्याच वेळी मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवून पाहावे. योग्य लेन्सवर बोट ठेवताच पडदा काळा झाला पाहिजे. तो काळा झाला नाही, तर चित्र दुसऱ्याच लेन्सचे आहे.

बाकीचा उलगडा अधिकृत सेवा केंद्रात दहा मिनिटांत झाला. तेथील तंत्रज्ञाने सेटिंग्जमधील जनरल, त्यातील अबाउट उघडले आणि ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्ट्री’ या ओळीवर बोट ठेवले. पडदा आणि कॅमेरा या दोन्हींपुढे ‘अननोन पार्ट’ असे लिहिलेले होते. फोनचे सुटे भाग बदललेले असतील तरच ही ओळ दिसते. मला ती असते हेच माहीत नव्हते, कारण मी तुलना करत होतो ते फोन कागदावरचे होते आणि कागदावरच्या फोनला दुरुस्तीचा इतिहास नसतो. बॅटरीही मूळची नव्हती. म्हणजे मला दिसलेले १०० टक्के बॅटरीचे होते, फोनचे नव्हते. अनुक्रमांक टाकून वॉरंटी पाहिली, तर ती सप्टेंबर २०२४च्या अखेरीस, म्हणजे मी फोन घेण्याच्या तीन आठवडे आधीच, संपलेली निघाली. ‘पंधरा दिवस वापरलेला’ फोन वर्षभर कोणाच्या तरी हातात होता आणि बहुधा एकदा जोरात आपटलेलाही होता. ही तपासणी कंपनीच्या संकेतस्थळावर घरबसल्या आणि फुकट करता येते.

एक-दोन खुणांचा उपयोग लोक समजतात तेवढा नसतो, हेही नोंदवले पाहिजे. १४४२२ला पाठवलेल्या संदेशातून आयएमईआय क्रमांक खरा आहे का आणि तो काळ्या यादीत तर नाही ना, हे कळते. फोन आतून उघडलेला आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. मॉडेल क्रमांकाचे पहिले अक्षर एम असल्यास फोन नवा म्हणून विकलेला, एफ असल्यास कंपनीने नूतनीकरण केलेला आणि एन असल्यास बदली म्हणून दिलेला असतो. माझ्या फोनवर एम होते आणि ते खरेही होते, कारण २०२३मध्ये कोणीतरी तो नवाच घेतला होता.

दुकानात पुन्हा गेलो तेव्हा तो मुलगा तेथे नव्हता. मालक गल्ल्यावर बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, असा कोणी पोरगा आमच्याकडे कामाला नाही. इथं दहा जण येऊन बसतात. बाहेरच्या बाहेर व्यवहार केला असेल तर आम्ही काय करावं?” मी पावती दाखवली. तीवर दुकानाचे नाव कोठे आहे, असे त्यांनी विचारले. यूपीआयचे २५ हजारही त्या मुलाच्या वैयक्तिक खात्यात गेले होते. पैसे पाठवताना पडद्यावर आलेले नाव मी वाचले होते, पण तो आपल्या गावाकडचा असल्यामुळे ते मला खटकले नव्हते. ६४ हजार रोख दिल्याचा तर कसलाच माग नव्हता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेथील बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला तो पक्क्या बिलाचा. त्यानंतर दुकानाला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली. तिचे उत्तर आले नाही, पण आठ दिवसांनी एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला आणि ‘ओरिजिनल कॅमेरा टाकून देतो, विषय मिटवा’ असे सांगण्यात आले. मी नकार दिला. ज्यांनी आधीचा कॅमेरा बसवला, त्यांच्याकडूनच दुसरा बसवून घेण्यात काय अर्थ होता? आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असल्यास शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे मला तेथे गेल्यावर कळले.

तक्रारीला जोडलेल्या कागदांत ती पावती आहे, बँकेचा उतारा आहे आणि सेवा केंद्राचा अहवाल आहे. वकिलांनी त्या सर्वांच्या वर एक रंगीत छापील फोटो लावायला सांगितला. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा आहे. त्याच्या नोंदीत २० ऑक्टोबर २०२४ ही तारीख, वेळ, ठिकाण आणि फोनचे मॉडेल आहे आणि फोटोत दिनदर्शिकेच्या माथ्यावर छापलेले दुकानाचे नाव, मुख्य कॅमेऱ्याच्या कृपेने, अगदी स्वच्छ वाचता येते.