मुंबई ते न्यूयॉर्क: थेट विमान की लंडनमार्गे?

नकाशावर लंडन वाट वाकडी करून गाठायचं ठिकाण वाटतं, पण पृथ्वीच्या गोलावर ते जवळजवळ वाटेवरच येतं. मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. लंडनमार्गे आधी ७,२०० आणि मग अटलांटिकवरून ५,५५०, म्हणजे जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटर जास्त.

खरा फरक वेळेत पडतो. थेट विमान जाताना सुमारे १६ तास घेतं. लंडनमार्गे उड्डाणांचेच साडेसतरा-अठरा तास होतात, वर लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचा थांबा वेगळा. येताना मात्र पश्चिमेकडून वाहणारे जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचे वेगवान वारे, पाठीशी असतात, त्यामुळे दोन्ही मार्गांवर वेळ वाचतो.

न्यूयॉर्कला लेकीकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-बाबांसाठी मी थेट विमानच घेईन, तिकीट महाग पडलं तरी. अनोळखी विमानतळावर टर्मिनल बदलणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुढचं विमान चुकण्याची धास्ती, हे सगळं टळतं. फक्त अधूनमधून उठून चालायला त्यांना बजावून सांगा. इतका वेळ बसून पाय सुजतात.

गुडघेदुखी किंवा पाठदुखी असेल, तर लंडनचा तीन-चार तासांचा थांबा बरा. तेव्हा दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या आणि ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी तपासा.